जन्मजात दोषांचे अभ्यासक : सर आर्चिबाल्ड गॅरॉड

थोर वैद्यांचीं चरित्रें वाचूं लागलें म्हणजे बहुधा एखाद्या रामबाण औषधाची अथवा एखाद्या भयंकर सांथीवर मिळविलेल्या विजयाची हकीकत वाचावयास मिळते. जेन्नर यांचें नांव निघालें कीं देवीची लस आठवते. लिस्टर यांचें नांव निघालें कीं जंतुनाशक द्रव्यांनीं निर्धोक झालेली शस्त्रक्रिया आठवते. आज ज्या गृहस्थांचें चरित्र विद्यार्थिमित्रांपुढें ठेवावयाचें योजिलें आहे, त्यांनीं असें एकहि औषध शोधून काढलें नाहीं. ज्या विकारांमुळें त्यांचें नांव राहिलें ते विकार फार विरळा, आणि त्यांपैकीं एकहि त्यांना बरा करतां आला नाहीं. तरीसुद्धां आज अनेक देशांत बालक जन्मल्यावर थोड्याच दिवसांत त्याच्या टाचेंतून रक्ताचे कांहीं थेंब घेऊन जन्मजात विकारांसाठीं त्याची तपासणी करण्यांत येते. त्या पद्धतीमागील विचाराचें मूळ शोधीत गेल्यास तें या गृहस्थांपाशीं येऊन पोहोंचतें. त्यांचें नांव सर आर्चिबाल्ड एडवर्ड गॅरॉड.

गॅरॉड यांचा जन्म लंडन शहरीं ता. २५ नोव्हेंबर १८५७ रोजीं झाला. त्यांचे वडील आल्फ्रेड बेअरिंग गॅरॉड हे त्या काळचे नामांकित डॉक्टर होते. वातरक्त, ज्याला इंग्रजींत गाउट म्हणतात, त्या सांध्यांच्या दुखण्यांत रोग्याच्या रक्तामध्यें युरिक अम्ल प्रमाणाबाहेर सांठतें, हें त्यांनीं १८४८ सालीं सिद्ध केलें होतें. त्यांची परीक्षेची रीत मोठी साधी होती. रक्ताच्या पातळ भागांत थोडें अम्ल मिसळून त्यांत सुताचा धागा ठेवावयाचा. युरिक अम्ल अधिक असल्यास त्या धाग्यावर त्याचे बारीक स्फटिक जमत. रोगाचें कारण शरीरांतील रसायनांत शोधावयाचें असतें, हा धडा आर्चिबाल्ड यांस अशा प्रकारें घरींच मिळाला. त्यांचे एक वडील बंधु प्राणिशास्त्रज्ञ म्हणून नांवाजले गेले. परंतु १८७९ सालीं ऐन तारुण्यांत त्यांचा अंत झाला.

मार्लबरो येथील शाळेंतून आर्चिबाल्ड ऑक्सफर्ड विद्यापीठांतील ख्राइस्ट चर्च कॉलेजांत दाखल झाले आणि १८८० सालीं सृष्टिविज्ञानाच्या परीक्षेंत पहिल्या वर्गांत उत्तीर्ण झाले. वैद्यकाचें शिक्षण त्यांनीं लंडनच्या सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयांत घेतलें. हें रुग्णालय राहीर नांवाच्या पुरुषानें ११२३ सालीं स्थापन केलेलें असून त्या नगरींतील अत्यंत जुन्या संस्थांपैकीं एक आहे. पुढें कांहीं काळ व्हिएन्ना येथें शिकून ते परत आले आणि १८८६ सालीं त्याच रुग्णालयांतील सुप्रसिद्ध शस्त्रवैद्य सर थॉमस स्मिथ यांच्या कन्येशीं त्यांचा विवाह झाला. त्यांना तीन मुलगे व एक मुलगी अशीं चार अपत्यें झालीं.

इतकें विद्येचें व घराण्याचें पाठबळ असतां त्यांची बढती मात्र झपाट्यानें झाली नाहीं. सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयांत पूर्ण दर्जाच्या डॉक्टरची जागा त्यांना १९१२ सालीं, म्हणजे वयाची पंचावन्न वर्षें भरत आलीं तेव्हां मिळाली. मधल्या काळांत ते दुय्यम जागांवर काम करीत, ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट येथील मुलांच्या रुग्णालयांत आजारी बालकें तपाशीत, आणि सांपडेल तेवढा वेळ प्रयोगशाळेंत घालवीत. १८९० सालीं त्यांनीं संधिवातावर एक मोठा ग्रंथ लिहिला. पुढें त्यांचें लक्ष एका चमत्कारिक विषयाकडे गेलें. मनुष्याच्या लघवीस जे निरनिराळे रंग येतात ते कोणत्या द्रव्यांमुळें, हा तो विषय. या कामीं त्यांना फ्रेडरिक गॉलंड हॉपकिन्स या तरुण रसायनशास्त्रज्ञाचें साहाय्य लाभलें. हेच हॉपकिन्स पुढें जीवनसत्त्वांच्या शोधाबद्दल १९२९ सालीं नोबेल पारितोषिकाचे मानकरी झाले. अशा विषयास कोणी क्षुद्र किंवा किळसवाणा म्हणेल. परंतु निसर्गाचें पुस्तक कोणत्या पानावर उघडावें हें आपल्या हातीं नसतें. गॅरॉड यांच्यापुढें तें या पानावर उघडलें.

१८९८ सालच्या सुमारास तीन महिन्यांचें एक बालक त्यांच्याकडे आलें. बालकाची प्रकृति चांगली होती. तक्रार एवढीच कीं, त्याच्या लंगोटांवर व दुपट्यांवर गडद तपकिरी, काळसर डाग पडत. या विकाराचें नांव अल्काप्टोनुरिया. लघवी बाहेर पडतांना साधारणच दिसते, पण हवा लागली म्हणजे काळवंडते, आणि साबणासारख्या अल्कलीच्या संसर्गानें तर तिचा रंग अधिकच गडद होतो. रंग देणारें हें द्रव्य होमोजेंटिसिक अम्ल होय, हें १८९१ सालीं जर्मन भाषेंतील एका लेखानें सिद्ध झालेलें होतें. पण तें द्रव्य शरीरांत येतें कोठून? आंतड्यांत कांहीं विशिष्ट जंतु शिरतात आणि ते तें तयार करतात, असा त्या वेळीं पुष्कळ विद्वानांचा समज होता. तो काळच जंतुशास्त्राच्या विजयाचा होता. एकामागून एक रोगांचे जंतु सांपडत असतां याहि विकाराच्या मुळाशीं जंतुच असला पाहिजे, असें वाटणें स्वाभाविक होतें.

गॅरॉड यांस तें पटेना. १९०१ सालच्या मार्च महिन्यांत त्याच मातेस पांचवें मूल झालें. गॅरॉड यांनीं दायांना अगोदरच सूचना देऊन ठेविली होती कीं, बाळाचें प्रत्येक लंगोट जपून ठेवावें आणि केव्हां डाग दिसतो त्याची वेळ टिपून ठेवावी. पहिले कांहीं तास कांहींच दिसलें नाहीं. जन्मानंतर ५२ तासांनीं कापडावर स्पष्ट डाग उमटला. बाहेरील जंतूंनीं शरीरांत शिरून आपलें बस्तान बसवावें, एवढा अवधि मिळालाच नव्हता. बाळाच्या अंगीं अन्न पडूं लागलें आणि विकार दिसूं लागला. म्हणजे तो बाहेरून आलेला नसून बाळ तो घेऊनच जन्मलें होतें. पाळण्यापाशीं बसून लंगोटें मोजणें यांत पराक्रम तो कसला, असें कोणासहि वाटेल. पण एका मोठ्या भ्रमाचें निराकरण त्यानें झालें.

आणखी एक गोष्ट त्यांच्या ध्यानांत आली. एके दिवशीं रुग्णालयांतून घरीं पायीं जात असतां ती त्यांना एकदम सुचली, असें सांगतात. त्या मुलाच्या आईची आई आणि बापाची आई या सख्ख्या बहिणी होत्या. म्हणजे तीं पतिपत्नी मावसभावंडें होतीं. गॅरॉड यांनीं मग या विकाराच्या इतर कुटुंबांची माहिती जमविण्यास आरंभ केला. जगांत नोंद झालेले असे रोगी सारे मिळून सुमारे ४० निघाले. चौकशी करतां करतां असें आढळलें कीं, अशा रोग्यांचे आईबाप पुष्कळदां एकमेकांचीं नात्यांतील भावंडें असतात. आणि ते स्वतः अगदीं निरोगी असून त्यांच्या कांहीं मुलांना विकार असतो व कांहींना नसतो.

याच सुमारास एक दुसरी घटना घडून आली होती. ग्रेगोर मेंडेल या धर्मगुरूनें आपल्या मठाच्या बागेंत वाटाण्यांवर प्रयोग करून अनुवंशाचे जे नियम १८६५ सालीं मांडले होते, ते पस्तीस वर्षें धूळ खात पडल्यानंतर १९०० सालीं पुन्हां उजेडांत आले. केंब्रिजचे विल्यम बेटसन हे त्यांचे इंग्लंडांतील मोठे पुरस्कर्ते. गॅरॉड यांच्या निरीक्षणांवरून मेंडेलचा नियम मनुष्यालाहि लागूं पडतो, हें बेटसन यांनीं तत्काळ ओळखलें. हा नियम थोडक्यांत असा. प्रत्येक गुणाचें बीज आपणांत दुहेरी असतें. एक आईकडून आलेलें व एक बापाकडून आलेलें. यांतील एक सदोष असलें तरी कांहीं गुणांच्या बाबतींत दुसरें निर्दोष बीज काम चालवून घेतें आणि मनुष्य निरोगी राहतो. परंतु आई व बाप या दोघांजवळहि तेंच एक सदोष बीज लपून असेल, तर त्यांच्या प्रत्येक मुलाला दोन्ही सदोष बीजें मिळण्याचा संभव चारांत एक असा असतो. परक्या दोन माणसांजवळ तेंच विरळा बीज असण्याचा योग क्वचित् येतो. एकाच आजोबा-आजींच्या नातवंडांत मात्र तो अधिक येतो. १९०२ सालच्या डिसेंबरांत गॅरॉड यांनीं हें सर्व एका लेखांत लॅन्सेट या वैद्यकीय साप्ताहिकांतून प्रसिद्ध केलें. मनुष्याच्या एका विकारास मेंडेलचा नियम लावून दाखविण्याचा हा पहिलाच प्रयत्न होय.

त्या लेखांत आणखी एक विचार होता, आणि तो अधिक दूरवर पोहोंचणारा होता. जशीं दोन माणसांचीं मुखें सारखीं नसतात, तसें त्यांच्या शरीरांतील रसायनहि अगदीं एकसारखें नसतें, असें गॅरॉड यांनीं प्रतिपादिलें. नाकडोळ्यांतील भेद आपणांस दिसतात. रक्तांतील भेद दिसत नाहींत, एवढाच काय तो फरक. अल्काप्टोनुरियासारखे विकार म्हणजे या नित्याच्या भेदांचीं टोंकाचीं उदाहरणें होत.

१९०८ सालीं लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिझिशियन्स या संस्थेपुढें त्यांनीं चार व्याख्यानें दिलीं. चयापचयांतील जन्मजात दोष हा त्यांचा विषय होता, आणि दुसऱ्याच वर्षीं तीं पुस्तकरूपानें प्रसिद्ध झालीं. त्यांत त्यांनीं चार विकारांचा विचार केला. पहिला अल्काप्टोनुरिया. दुसरा, जन्मतः त्वचेंत, केसांत व डोळ्यांत रंगद्रव्य नसणें. तिसरा सिस्टिनुरिया, ज्यांत सिस्टिन नांवाचें द्रव्य लघवीवाटे जाऊन त्याचे मुतखडे बनतात. चौथा पेंटोसुरिया, ज्यांत एका विशेष जातीची साखर लघवींत उतरते, पण मनुष्यास कांहीं अपाय होत नाहीं.

या सर्वांमागचें त्यांचें तत्त्व कळावें म्हणून आपल्याकडील गुऱ्हाळाचा दृष्टान्त घेऊं. चरकांतून निघालेलीं चिपाडें वाळवून चुलवाणांत जाळण्यासाठीं न्यावयाचीं आहेत, आणि माणसांची रांग लावून तीं हातोहात पोहोंचविलीं जात आहेत, अशी कल्पना करा. प्रत्येक माणसाचें काम एवढेंच कीं, मागच्याकडून भारा घ्यावा आणि पुढच्यास द्यावा. आतां रांगेंतील एकच माणूस गैरहजर राहिला तर काय होईल? त्याच्या अलीकडे चिपाडांचा ढीग सांचेल आणि चुलवाणांत कांहींच पोहोंचणार नाहीं. आपण खातों त्या दूध, डाळी, अंडीं व मांस यांतील प्रथिनांचेंहि असेंच आहे. त्यांतील टायरोसिन हें द्रव्य शरीरांत एकदम जळत नाहीं. एकामागून एक टप्प्यांनीं त्याचें रूपांतर होत जातें, आणि प्रत्येक टप्प्यावर एन्झाइम नांवाचें एक एक खास द्रव्य काम करतें. अल्काप्टोनुरियाच्या रोग्यांत यांतील एक एन्झाइम जन्मतःच नसतें, म्हणून होमोजेंटिसिक अम्लाचा ढीग सांचतो व तो लघवीवाटे बाहेर पडतो, असें गॅरॉड यांनीं अनुमान केलें. निरोगी मनुष्याच्या शरीरांत तेंच अम्ल तयार होतें, पण तें लगेच पुढें जात असल्यामुळें आपणांस दिसत नाहीं. रांगेंतील माणूस गैरहजर झाला तेव्हांच तेथें एक माणूस असतो हें कळलें.

ही रांग शेवटीं कोणत्या चुलवाणापर्यंत जाते, याचें उत्तर मात्र गॅरॉड यांच्या हयातींत मिळालें नाहीं. तें त्यांच्या मृत्यूनंतर दुसऱ्याच वर्षीं मिळालें, आणि त्याचा संबंध आपल्या रोजच्या लिंबाशीं आहे. लिंबाच्या रसांतील आंबटपणा ज्या अम्लामुळें येतो तें सायट्रिक अम्ल. कार्ल शीले या स्वीडनमधील औषधविक्रेत्यानें १७८४ सालीं तें स्फटिकरूपानें वेगळें केलें होतें. हें केवळ फळांतील अम्ल, असा पुष्कळ दिवस समज होता. परंतु १९३७ सालीं इंग्लंडांतील शेफील्ड येथें हॅन्स क्रेब्स यांनीं असें दाखविलें कीं, आपल्या शरीरांत अन्न शेवटीं जळतें तें एका चक्राकार क्रियेनें, आणि त्या चक्राच्या आरंभीं हेंच सायट्रिक अम्ल तयार होतें. क्रेब्स हे हिटलरच्या अमलांत जर्मनींतून हांकलले गेलेले ज्यू डॉक्टर. १९३३ सालीं त्यांना प्रथम आश्रय मिळाला तो केंब्रिजला, गॅरॉड यांचे जुने सहकारी हॉपकिन्स यांच्याच प्रयोगशाळेंत.

आतां या दोन शोधांची सांगड कशी बसते तें पाहूं. निरोगी शरीरांत होमोजेंटिसिक अम्लाचें आणखी तीन टप्प्यांनीं दोन भागांत विभाजन होतें. त्यांतील एक भाग म्हणजे फ्युमरिक अम्ल. हें क्रेब्स यांच्या चक्रांतील एक घटकच आहे. दुसरा भाग रूप पालटून सायट्रिक अम्ल बनविण्याच्या कामीं येतो. म्हणजे टायरोसिनचे दोन्ही भाग अखेर एकाच चुलवाणांत पडतात. अल्काप्टोनुरियाच्या रोग्यांत या तिहींपैकीं पहिलाच टप्पा अडतो, आणि जें द्रव्य जळून शक्ति द्यावयाचें तें लंगोटावर डाग होऊन उरतें. गॅरॉड यांच्या यादींतील सिस्टिनुरिया या विकारांत तर सायट्रिक अम्लाचा प्रत्यक्ष उपयोग होतो. सिस्टिन हें आम्ल लघवींत सहज विरघळत नाहीं, अल्कलीयुक्त लघवींत अधिक विरघळतें. म्हणून अशा रोग्यांस पुष्कळ पाणी पिण्यास सांगून पोटॅशियम सायट्रेट, म्हणजे सायट्रिक अम्लाचें लवण, देण्यांत येतें. आंबट अम्लाचें लवण अल्कलीचा गुण कसा देतें, असें कोणी विचारील. तें त्या चक्रांत जळून जातें व मागें अल्कलीच उरतो, हें त्याचें उत्तर. अर्थात् हा उपाय डॉक्टरांनींच ठरवावयाचा असतो.

१९१० सालीं गॅरॉड रॉयल सोसायटीचे सभासद झाले. आतां कोठें त्यांच्या विद्येचें चीज होऊं लागलें होतें. इतक्यांत १९१४ सालीं पहिलें महायुद्ध सुरू झालें. दुसऱ्या वर्षीं गॅरॉड यांची नेमणूक भूमध्यसमुद्रांतील माल्टा बेटावर सल्लागार डॉक्टर म्हणून झाली. गॅलिपोली व सॅलोनिका येथील रणक्षेत्रांतून जखमी व तापानें पोळलेले शिपाई जहाजें भरभरून त्या बेटावर येत. ते परक्यांच्या मुलांची शुश्रूषा करीत असतां त्यांचे स्वतःचे मुलगे रणांगणावर होते. १९१५ सालीं त्यांतील एकजण जखमी होऊन मरण पावला. दुसरा बापासारखाच डॉक्टर होऊन लष्कराच्या वैद्यकीय पथकांत गेला होता. तो १९१६ सालीं मारला गेला. उरला धाकटा बेसिल. आपल्या आवडत्या रुग्णालयाच्या संस्थापकाची आठवण म्हणून मातापितरांनीं त्याच्या नांवांत राहीर हें नांव घातलें होतें. युद्ध संपलें तेव्हां तो जिवंत होता. घरीं परतण्यापूर्वींच १९१९ सालीं इन्फ्लुएंझाच्या सांथींत तोहि गेला.

बापाकडून मुलाकडे काय जातें, याचा विचार ज्यानें आयुष्यभर केला, त्याच्या मागें एकहि मुलगा उरला नाहीं. एवढ्या आघातानें एखादा पुरुष कायमचा खचला असता. गॅरॉड यांनीं आपला शोक कोणापुढें मांडला नाहीं. ते कामावर परत आले. थोर वैद्य सर विल्यम ऑस्लर यांचाहि एकुलता मुलगा याच युद्धांत पडला होता, आणि १९१९ च्या अखेरीस ते स्वतः वारले. ऑक्सफर्ड येथील त्यांची मानाची वैद्यकाच्या प्राध्यापकाची जागा १९२० सालीं गॅरॉड यांस देण्यांत आली. ती त्यांनीं १९२७ पर्यंत सांभाळली. १९२३ सालीं त्यांनीं आपल्या जुन्या पुस्तकाची सुधारलेली आवृत्ति काढली, आणि १९३१ सालीं, वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षीं, नवा ग्रंथ लिहिला. विरळा विकारच नव्हेत, तर सर्वच रोगांत मनुष्याच्या जन्मजात घडणीचा भाग असतो. म्हणूनच एकाच सांथींत एकजण दगावतो व दुसरा निभावतो, असें त्यांनीं त्यांत प्रतिपादिलें.

त्यांची कन्या डॉरोथी हिनें आपल्या तिन्ही भावांची उणीव आपल्या कर्तृत्वानें भरून काढण्याचा निश्चय केला, असें सांगतात. तिनें पुरातत्त्वाचा अभ्यास केला, पॅलेस्टाइनमधील कार्मेल डोंगराच्या गुहा १९२९ ते १९३४ या काळांत खणून आदिमानवाचे अवशेष उजेडांत आणले, आणि १९३९ सालीं ती केंब्रिज विद्यापीठांत प्राध्यापकाच्या पीठावर बसली. ऑक्सफर्ड व केंब्रिज या दोन्ही विद्यापीठांत हा मान मिळविणारी ती पहिलीच स्त्री होय. तो दिवस पाहण्यास तिचे वडील नव्हते. आयुष्याचीं अखेरचीं वर्षें त्यांनीं केंब्रिज येथें घालविलीं, आणि ता. २८ मार्च १९३६ रोजीं तेथेंच त्यांचा अंत झाला.

त्यांच्या हयातींत त्यांना मानसन्मान कमी मिळाले नाहींत. पण त्यांच्या मुख्य विचाराकडे मात्र फारसें कोणी लक्ष दिलें नाहीं. डॉक्टर म्हणत, हे विकार लाखांत एखाद्यास होणारे. त्यांचा आम्हांस काय उपयोग? अनुवंशाचे अभ्यासक वाटाणे व माश्या यांत गुंतलेले. त्यांचा रसायनाशीं संबंध नव्हता. पुढें १९४१ सालीं बीडल व टेटम या अमेरिकन शास्त्रज्ञांनीं पावावरील बुरशीवर प्रयोग करून दाखविलें कीं, अनुवंशाचें एक बीज बिघडलें कीं एक एन्झाइम बिघडतें. त्यांस १९५८ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें, तेव्हां हीच गोष्ट गॅरॉड यांनीं अनेक वर्षांपूर्वीं ओळखली होती, हें बीडल यांनीं मोकळ्या मनानें मान्य केलें. त्याच १९५८ सालीं अल्काप्टोनुरियाच्या एका रोग्याच्या यकृतांत तें एन्झाइम नाहीं, हें प्रत्यक्ष प्रयोगानें दिसून आलें. पन्नास वर्षांपूर्वींचें अनुमान खरें ठरलें. १९९६ सालीं तें सदोष बीज, म्हणजे आजच्या भाषेंत जनुक, कोणतें हेंहि सांपडलें.

गॅरॉड यांचें सर्वच बरोबर होतें असें मात्र नव्हे. अल्काप्टोनुरिया हा जवळजवळ निरुपद्रवी आहे, अशी त्यांची प्रथम समजूत होती. आतां आपणांस माहीत आहे कीं, तें काळें द्रव्य वर्षानुवर्षें सांध्यांच्या कूर्चांत सांचतें आणि चाळिशीच्या सुमारास पाठ व गुडघे यांना भारी पीडा देतें. सिस्टिनुरियांतहि एन्झाइम गैरहजर नसून मूत्रपिंडाकडून तें द्रव्य परत शोषलें जात नाहीं, हें मागाहून कळलें. पण त्यांनीं दाखविलेली वाट खरी होती, आणि तिनें जाणारे पुढें अनेक निघाले. नॉर्वेमधील फॉलिंग यांनीं १९३४ सालीं त्याच टायरोसिनच्या साखळींत एक पायरी अलीकडे असलेला दोष शोधून काढला. त्याला फेनिलकेटोनुरिया म्हणतात. त्यानें बालकाची बुद्धि कायमची खुंटते. पण जन्मतःच ओळखून अन्नांत फेर केल्यास मूल शहाणेंसुरतें वाढतें. टाचेच्या रक्ताची तपासणी प्रथम याच विकारासाठीं १९६० नंतरच्या वर्षांत सुरू झाली. आतां असे जन्मजात दोष हजारांहून अधिक ठाऊक झाले आहेत. अल्काप्टोनुरियासाठीं साखळी अलीकडेच थांबवून तें काळें द्रव्य बनूंच न देणाऱ्या औषधाला युरोपांत २०२० सालीं मान्यता मिळाली. गॅरॉड यांच्या लेखानंतर ११८ वर्षांनीं.

विद्यार्थिमित्रहो, हें चरित्र केवळ परदेशची हकीकत म्हणून वाचूं नका. आपल्या महाराष्ट्रांत कित्येक घराण्यांत मामाची मुलगी करण्याची चाल आहे. अशा बहुतेक दांपत्यांचीं मुलें निरोगीच असतात, म्हणून कोणाचें मन दुखविण्याचें कारण नाहीं. परंतु कुटुंबांत एखादें मूल अशा विकारानें जन्मलेलें असेल, तर नात्यांत सोयरीक ठरविण्यापूर्वीं जाणत्या डॉक्टरचा सल्ला घ्यावा, एवढें शहाणपण गॅरॉड यांच्या श्रमांतून आपणांस मिळालें आहे.

त्याहून मोठें शहाणपण दुसरें आहे. घरांत मूल अधू किंवा आजारी जन्मलें म्हणजे अद्यापहि कित्येक ठिकाणीं सारा दोष आईच्या माथीं मारतात. तिचें पाप, तिचा पायगुण, तिचें खाणेंपिणें, नाहींतर कोणाची तरी दृष्ट, असें कांहींतरी शोधून काढतात आणि ती बिचारी जन्मभर मान खालीं घालून वावरते. गॅरॉड यांनीं दाखवून दिलें कीं, अशा विकाराचें बीज आई व बाप दोघांकडून सारखेंच येतें, दोघांच्याहि नकळत येतें, आणि त्यांच्या कितीतरी पिढ्यांपूर्वींपासून चालत आलेलें असतें. आपण सर्वच अशीं कांहीं सदोष बीजें अंगीं बाळगून आहोंत. योग जुळला नाहीं म्हणून तीं दिसत नाहींत, एवढेंच. तेव्हां जन्मजात दोष हा शब्द कानीं पडेल त्या वेळीं त्यांतील दोष म्हणजे अपराध नव्हे, रांगेंतील एक गैरहजर माणूस होय, हें ध्यानांत ठेवावें. शेजारींपाजारीं अशी एखादी माता असेल तर तिला हें समजावून सांगावें. ज्यानें एका बाळाच्या लंगोटावरील डागाकडे नाक मुरडून पाहिलें नाहीं, त्या सत्पुरुषाचें स्मरण याहून चांगल्या रीतीनें करतां येणार नाहीं.